भोपळ्याची गिटार

परीक्षक साहेब, तुम्ही चोर आहात.

तुमचं नाव माहीत नाही. तुम्ही जिवंत आहात की हार घातलेल्या फोटोत जाऊन बसलात, तेही माहीत नाही. पण एकोणीसशे सत्तर साली मद्रासमधल्या एका कॉलेजच्या हॉलात, सगळ्यात मोठ्या पंख्याखाली बसून, तुम्ही कृष्णकांतचा पहिला नंबर ढापलात आणि त्याच्या पदरात एक उत्तेजनार्थ कप टाकलात. कप कसला, उकडलेलं अंडं उभं राहील एवढी वाटी. तिच्यावर नाव कोरायलासुद्धा जागा नव्हती. लाज वाटली नाही?

हे बोलणं कृष्णकांतचं. अंबत्तूरच्या त्याच्या घरात दर रविवारी दुसरी कॉफी पोटात गेली की हे सुरू व्हायचं. आधी परीक्षकाचा उद्धार, मग रेकॉर्ड कंपन्यांचा, मग नव्याने निघालेल्या एफएमवाल्यांचा, आणि हिंडून फिरून भोपळे चौकात तशी गाडी यायची बायकोवर.

"सगळं सोडलं मी. स्टेज सोडलं, बँड सोडला. कुणासाठी? तुझ्यासाठी."

"सरि," म्हणजे 'बरं', अलमेलू म्हणायची आणि चटणीत फोडणी ओतायची. फोडणीचा आवाज झाला की पुढचं वाक्य ऐकू येत नसे. तिने ती वेळ बरोबर साधलेली असायची.

अलमेलू तंजावरच्या मराठ्यांतली. तिची मराठी तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत उतरली आणि परतीची गाडी विसरली. 'जाहलें', 'मजला' असले शब्द तिच्या तोंडी असायचे, आणि त्यांच्या मधेमधे खिचडीतल्या मिऱ्यांसारखे तमिळ शब्द. कृष्णकांत मिरजेचा. लग्नाच्या वेळी त्याला वाटलं होतं, आपण कीर्तनातल्या एखाद्या बाईशी लग्न करतोय. पुढे कळलं की कीर्तनातली बाई नवऱ्याची एवढी बोलणी ऐकून घेत नाही.

मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव. तिथे तंबोऱ्याची जवारी, तारेची ती गुंज, नीट लागली नाही म्हणून भावाभावांत अबोला होतो. अशा गावात जन्मून ह्या गृहस्थाला सूर म्हणजे काय हे कळू नये, ही देवाची करणी. मद्रासजवळच्या आवडी नावाच्या गावातल्या संरक्षण कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून तो मद्रासला आला तेव्हा वीस वर्षांचा होता, आणि गाण्यातलं त्याला एवढंच कळत होतं की ते मोठ्याने म्हणायचं असतं.

कारखान्यात त्याच्या शेजारच्या लेथवर शेषगिरी होता. अलमेलूचा थोरला भाऊ. शेषगिरीच्या वडिलांच्या क्वार्टरात एक मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. संध्याकाळी शिफ्ट सुटली की हे दोघे आणि आणखी दोन टाळकी त्या रेडिओपुढे मांडी घालून बसत. समुद्रापलीकडच्या स्टेशनवरून इंग्रजी गाणी लागत. गिटारी, ड्रम, पोरींचं किंचाळणं. पाण्यावरून येता येता ती गाणी हेलकावे खात. आता अगदी कानाशी, आता पार लंकेच्या पलीकडे. मधेच खरखर, मधेच शिट्टी, आणि ऐन रंगात आलेला गाणारा अचानक विहिरीत पडावा तसा खोल जायचा. मग दहा-बारा ठोक्यांनी पुन्हा वर यायचा, जणू काही झालंच नाही.

कृष्णकांतला ह्याचंच वेड लागलं. "बघ, बघ, आवाज कसा सोडतो! आपल्याकडच्या एकाला तरी जमेल का असं?" तो म्हणायचा.

रेकॉर्ड ह्या चौघांपैकी कुणीही पाहिली नव्हती. इंग्रजी बँड स्टेजवर पाहायचा तर मोठ्या हॉटेलात जावं लागे, आणि मोठ्या हॉटेलचा दरवान ह्यांच्या चपला पाहूनच हात आडवा करी. ह्यांचं विद्यापीठ एकच, तो रेडिओ. तो जे देईल ते ब्रह्मवाक्य.

बँड काढायचा ठरला. नाव ठेवलं 'द रेड हिल्स', कारण कारखान्यातून सायकलने जाता येईल अशी इंग्रजी नावाची जागा तेवढीच होती. शेषगिरीने ड्रम जमवले. एक पोस्टातून मोडीत निघालेला, दुसरा देवळातला. राहिली गिटार. कृष्णकांत सुट्टीत मिरजेला गेला आणि तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरापुढे मासिकातला फोटो ठेवला.

म्हाताऱ्याने चष्मा वर केला. "हे काय? कंबर मोडलेला तंबोरा?"

"गिटार आहे, काका. अशीच करून द्या."

"भोपळा चालेल ना?"

"आवाज आला म्हणजे झालं."

म्हाताऱ्याने भोपळ्याचीच केली. पोटाला पंढरपूरकडचा गोल गरगरीत भोपळा, वर सागाची मान, आणि तारा टेकतात त्या घोडीवर, नको म्हणत असताना, जवारी काढली. जवारी न काढता वाद्य दुकानाबाहेर पाठवायचं म्हणजे मुलीला बिनकुंकवाची पाठवायचं, असं त्याचं मत. त्यामुळे गिटारीची कुठलीही तार छेडली की ती झूंऽऽ करून सगळ्या गावाला नमस्कार करत बसे. कृष्णकांत खूश. रेडिओवरच्या गिटारींच्या मागेही अशीच खरखर असते, तो म्हणाला. ओरिजनल आवाज सापडला.

तर साहेब, हा बँड घेऊन तुमच्या स्पर्धेला ही चार पोरं आवडीहून लोकल गाडीने आली. देवळातला ड्रम मांडीवर, भोपळा डोक्यावर. आणि तुम्ही त्यांना उत्तेजनार्थ दिलंत. पुढे बँड मोडला. एक रेल्वेत लागला, एक गल्फला गेला. कृष्णकांतने अलमेलूशी लग्न केलं, आणि शहीद जाहला. शहीद म्हणजे रोज जेवणारा, भविष्यनिर्वाह निधी असलेला शहीद. पण शहीदच.

तो कप अलमेलूने देवघरात ठेवला. कृष्णकांतला वाटे, कलेचा मान. अलमेलू त्यात फुलवाती ठेवायची. मापाचं दुसरं भांडं घरात नव्हतं.

*

म्हातारपण आलं तसं कृष्णकांतचं वेड कमी व्हायच्या ऐवजी तत्त्वज्ञान झालं. तत्त्वज्ञान असं, की गाणी बिघडवली. कुणी? कंपन्यांनी.

मुलगा कार्तिकेय सिरुसेरीला सॉफ्टवेअरच्या नोकरीत. पहिल्या पगारवाढीला त्याने बापासाठी माउंट रोडवरून त्या काळच्या इंग्रजी गाण्यांची सीडी आणली. कृष्णकांतने डोळे मिटून ऐकली. दोन गाणी झाली, तिसऱ्याला डोळे उघडले, चौथ्याला उठला आणि सीडी घेऊन थेट दुकानात.

"ही सपाट आहे," त्याने काउंटरवरच्या माणसाला सांगितलं.

माणसाने सीडी उजेडात धरली. "सीडी सपाटच असते, सार."

"सीडी नव्हे हो, गाणी! हा गाणारा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच आवाजात गातो. खाली जात नाही, वर येत नाही. आमच्या वेळी हेच गाणं श्वास घ्यायचं. तुम्ही त्याची इस्त्री करून टाकलीत."

"रिमास्टर्ड आहे, सार. क्लिअर साउंड."

"क्लिअर! माणूस मेला की त्याचाही कार्डिओग्राम क्लिअर येतो."

सीडी परत घेतली गेली नाही. पण घरी येऊन कृष्णकांतने ती लावली आणि स्वतः आवाजाच्या बटणाशी बसला. गाणं चालू असताना बटण हळूहळू खाली, मग हळूहळू वर. नात नित्या सात वर्षांची, ती शेजारी येऊन बसली.

"तात्ता, काय करता?"

"दुरुस्ती."

एफएमवर नवीन तमिळ गाणी लागली की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "ही काय गाणी? नुसता गोंगाट!" शेषगिरीच्या वडिलांनी सत्तर साली नेमकं हेच वाक्य, ह्याच सुरात, ह्यालाच उद्देशून म्हटलं होतं. हे त्याला आठवत नसे. नॉस्टॅल्जिया म्हणजे दुसरं काय असतं? आपल्या गोंगाटाला देव्हाऱ्यात बसवायचं आणि दुसऱ्याच्या गोंगाटावर पोलीस बोलवायचे. कृष्णकांतने पोलीस खरंच बोलावले होते एकदा. शेजारच्या लग्नाच्या स्पीकरवरून. पोलीस आला, तिथेच जेवला आणि पान खाऊन गेला.

*

दोन हजार सात साली कृष्णकांतला साठ पूर्ण झाली. मिरजेकडे साठीची शांत करतात. होम, चार गुरुजी, पुरणपोळी, संपलं. अलमेलूच्या माणसांत तसं नाही. साठी पुरी झाली की नवराबायकोचं पुन्हा लग्न लावायचं. हॉल, नादस्वरम, हार, डोक्यावर कलशाचं पाणी, आणि नवऱ्याने बायकोच्या गळ्यात पुन्हा ताळी, म्हणजे मंगळसूत्र, बांधायची.

"एकदा केलं ते कमी पडलं का?" कृष्णकांत म्हणाला.

"पहिल्या वेळीं तुम्ही भोपळा घेऊन आला होता," अलमेलू म्हणाली. "या वेळीं नारळ आणा."

तो तयार झाला, पण एका अटीवर. जेवणाआधी दहा मिनिटं त्याची. नादस्वरमवाले खाली बसतील, आणि तो माइक हातात घेऊन सगळ्या नातेवाइकांना सांगेल की ते ज्याला कारखान्यातला फोरमन समजतात तो मुळात कोण होता. गिटार उंदरांनी आणि वाळवीने वाटून खाल्ली होती. पण तोंड शाबूत होतं.

"भाषण?" कार्तिकेयने विचारलं. "अप्पा, नुसतं भाषण कोण ऐकेल? सगळ्यांना भूक लागलेली असते."

"पुरावा असता तर दाखवला असता. शेषामामाने त्या दिवशी टेप केली होती आमची. मोठी स्पूल. कॉलेजचंच मशीन होतं, परीक्षकांच्या टेबलावर ठेवलेलं. ती टेप असती ना, एकेकाची तोंडं बंद केली असती. तुझ्या आईचं पहिलं."

"मग कुठेय ती?"

"पुरात गेली. शेषामामाच सांगतो ना. शहात्तरच्या पुरात."

पण पोरगा हुशार. त्याच रविवारी तो आवडीला मामाकडे गेला, मामा बाजारात असताना मामीला विचारलं, आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यातून ती स्पूल घेऊन आला. पूर माळ्यापर्यंत चढला नव्हता. सिरुसेरीतल्या एका मित्राच्या ओळखीने जुनं मशीन मिळालं, आणि टेप कॉम्प्युटरवर उतरली. त्याने मुद्दाम ऐकली नाही. सगळ्यांबरोबर ऐकायची म्हणून. सरप्राइज. ह्या पिढीला दुसऱ्याचा काळजाचा ठोका चुकवण्याची फार हौस.

आदल्या दिवशी त्याने बापाला तेवढं सांगितलं. कृष्णकांत पाटावरून उठला, देवघरात गेला, फुलवाती काढून कप पुसला आणि बाहेर येऊन बायकोपुढे उभा राहिला.

"उद्या," तो म्हणाला. "उद्या तुला कळेल, तुझ्यासाठी मी काय सोडलं ते."

अलमेलूने हातातलं काम खाली ठेवलं. वीणा शिकलेली बाई ती. लग्नानंतर वीणेवर कापड पडलं, मग कापडावर पापडांचे डबे आले. तिने कधी कुणाला 'तुझ्यासाठी सोडली' म्हटलं नव्हतं. पण नवऱ्याचं म्हणणं खरं असेल तर, हा विचार तिच्या मनात इतकी वर्षं होताच. आपल्यामुळे एका माणसाचं मोठं काहीतरी राहून गेलं असेल तर?

"सरि," ती म्हणाली. पण फोडणी टाकायला काही नव्हतं.

*

लग्न लागलं. डोक्यावर कलश ओतले गेले, ओलेत्या अंगाने कृष्णकांत बोहल्यावर बसला, कोरं धोतर नेसून पुन्हा बसला. ताळीची गाठ त्याने दोनदा चुकवली, ती बायकोमुळे की पुढच्या कार्यक्रमामुळे हे देव जाणे. गळ्यात पायघोळ हार. मग त्याने माइक घेतला.

"मंडळी," तो म्हणाला, आणि परीक्षकापासून सुरुवात केली. चोर, ढापलं, पंख्याखाली, अंड्याची वाटी. सगळं. "आणि आता तुम्हीच ऐका. तुम्हीच परीक्षक. कार्तिक, लाव."

पहिल्या रांगेत शेषगिरी बसला होता. टेपचं नाव ऐकताच तो ताडकन उठला.

"मापिळ्ळै," त्याने मेव्हण्याला हाक मारली, "आधी जेवण! सांबार गार होतंय."

"सांबार सदतीस वर्षं थांबलं नाही का? बस."

"वीज जाणार आहे म्हणे."

"शेषा, खाली बस!"

शेषगिरी बसला, आणि त्याने उपरणं तोंडावर घेतलं. जवळचं माणूस गेल्यावर घेतात तसं.

टेप सुरू झाली. आधी हॉलातली खोकलाखोकली. मग शेषगिरीचे ड्रम. पोस्टातला ड्रम पुढे, देवळातला मागून धापा टाकत. मग झूंऽऽ. सगळ्या हॉलाने माना वळवून छताकडे पाहिलं, मधमाश्यांचं पोळं वगैरे आहे का म्हणून. आणि मग तेवीस वर्षांचा कृष्णकांत गायला लागला.

बोहल्यावरच्या साठ वर्षांच्या कृष्णकांतने डोळे मिटले होते. पहिल्या ओळीला चेहऱ्यावर हसू होतं. दुसऱ्या ओळीला हसू तिथेच होतं, पण त्यात जीव नव्हता. आवाज वरच्या सुराला जायला निघाला आणि वाटेत कुणीतरी भेटल्यासारखा भलतीकडेच थांबला. नादस्वरमवाल्यांतल्या तविलवाल्याने, म्हणजे ढोल वाजवणाऱ्याने, सवयीने ताल धरायला बोटं उचलली, जरा वेळ हवेत ठेवली आणि मुकाट्याने मांडीखाली घातली.

एवढ्यात आवाज बारीक होत होत गेला. अगदी गेला.

"तात्ता, बॅटरी संपली!" नित्या ओरडली.

कार्तिकेय धावत स्पीकरच्या मशीनपाशी गेला, बटण पार वर नेलं. आणि त्याच वेळी टेपमधला कृष्णकांत विहिरीतून वर आला. असा आला की मागच्या रांगेतल्या एका आजोबांचं श्रवणयंत्र शिट्टी वाजवत सुटलं.

"बटणाला हात लावू नकोस!" कृष्णकांत माइकवरून म्हणाला. "बरोबर आहे ते. गाणंच तसं आहे. खाली जातं, वर येतं."

"तसं कसं, अप्पा? घरी सीडी आहे ना ह्याची. असं कुठेच नाही त्यात."

"सपाट केलंय ना त्यांनी!"

पण तो हे बोलला तेव्हा त्याचा आवाजही बारीक झाला होता. कारण टेपवर बँड पुन्हा खाली चालला होता. गाणारा, गिटार, ड्रम, सगळे एकदम, शिस्तीत, कवायतीसारखे. मधेच कुणीतरी तोंडाने बारीक शिट्टीही वाजवली. तो बहुतेक गल्फला गेलेला. आणि कृष्णकांतच्या डोळ्यांपुढे शेषगिरीच्या क्वार्टरातला तो रेडिओ आला. हिरवा डोळा लुकलुकणारा. पावसाळी हवा असली की जास्त हेलकावे खाणारा. हवा.

हवेमुळे.

मोठ्ठ्या स्पर्धेत, परीक्षकांपुढे, त्याने हवामान गाऊन दाखवलं होतं.

गाणं संपलं. टाळ्या चार-दोन. कार्तिकेय बंद करायला गेला तोच टेपवर परीक्षकाचा आवाज आला. इंग्रजीत, मऊ, तुपात घोळवलेला. पहिलं बक्षीस, दुसरं, तिसरं. आणि मग, एक खास उत्तेजनार्थ बक्षीस, आवडीहून आलेल्या 'द रेड हिल्स'ना. सगळ्यात लांबून आणि सगळ्यात जास्त सामान घेऊन आल्याबद्दल.

हॉलात कुणीतरी फिस्सकन हसलं. निकाल लागला तेव्हा कृष्णकांत बाहेर बोंडे खात होता. कप घ्यायला शेषगिरी गेला होता.

आणि टेप चालूच. मशीन परीक्षकांच्या टेबलावरच होतं ना. तोच आवाज, आता माइकवरून नव्हे, शेजारच्याशी हळूच बोलताना:

"ते मधेमधे बुडत का होते?"

"रेडिओवर तसं येतं, म्हणून," दुसरा म्हणाला.

"अरेरे. कुणीतरी सांगायला हवं त्या भोपळेवाल्याला."

"तुम्ही सांगा."

"मी कशाला? कारखान्यातली पोरं आहेत. खूश आहेत, खूश राहू दे."

खट्. स्पूल संपली.

आधी नित्या हसली, आणि मग धरण फुटावं तसा सगळा हॉल. स्वैपाकी पळी घेऊन बाहेर आले. गुरुजी खांद्यावरच्या उपरण्याने डोळे पुसत होते. कृष्णकांत हार घालून मधोमध उभा. नवरदेवाच्या वेषातला मूर्ख माणूस जितका मूर्ख दिसतो तितका दुसऱ्या कुठल्याही वेषात दिसत नाही.

त्याने बायकोकडे पाहिलं. अलमेलू हसत नव्हती. तिने पदर ओठांवर दाबला होता आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"तू रडतेस?"

तिने मान हलवली. पदर काढला, आणि कळलं की ती हसत होती. पण नुसती हसत नव्हती.

"अय्यो, इतकीं वर्षें मीं भीत होतें," ती म्हणाली. "वाटायचें, माझ्यापायीं या माणसाचें केवढें नुकसान जाहलें. जगाचेंही जाहलें असेल. आज कळलें, मीं जगाला वाचवलें!"

आणि मग ती असं हसली की हातातला नारळ गडगडत गेला. एवढ्या वर्षांच्या संसारात कृष्णकांतने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. पाठीवरचं ओझं खाली ठेवल्यावर हमाल हसतो तसं. ते ओझं आपणच दर रविवारी तिच्या पाठीवर चढवत होतो, दुसऱ्या कॉफीनंतर, हे त्याला तेव्हा, त्या हॉलात, सांबाराच्या वासात, पहिल्यांदा दिसलं.

तो शेषगिरीवर धावला. "तू! तू म्हणाला होतास, परीक्षकाने मला सांगायला सांगितलंय. पहिला नंबर तुझाच होता, गिटार देशी म्हणून कापला, पुढच्या वर्षी नक्की!"

शेषगिरीने उपरणं खाली केलं. "म्हणालो."

"परीक्षक असं बोललाच नव्हता!"

"नव्हता. मग काय सांगू? सामान जास्त होतं म्हणून दिलं?" शेषगिरीही आता चिडला. "मापिळ्ळै, आठव. तू ट्रंक भरून बसला होतास. नंबर आला नाही तर नोकरी सोडून मिरजेला जातो म्हणून. तिकीट काढलं होतंस. आणि घरी ही न्हाणीघरात जाऊन रडत होती. मी खरं बोललो असतो तर तू गेला असतास. एक वर्ष थांब म्हटलं. तू थांबलास. वर्षात लग्न झालं."

"शेषाण्णा!" अलमेलू साठ वर्षांच्या भावावर ओरडली, आणि पंचावन्नाव्या वर्षी लाजली.

कृष्णकांत बोहल्यावर बसला. म्हणजे तिच्यासाठी स्टेज सोडलं नव्हतं. स्टेजसाठी तो थांबला, म्हणून ती मिळाली. उलटंच. तिच्यामागोमाग कार्तिक, त्याच्यामागोमाग ही नित्या, अंबत्तूरचं घर, हा गळ्यातला हार, सगळं त्या अंड्याच्या वाटीतून बाहेर पडलेलं.

नित्या येऊन त्याच्या मांडीवर बसली. "तात्ता, परत गा ना ते. बुडतं ते. मला शिकव."

"ते गाणं नाही, बाळा. ती हवा आहे."

"मला हवा शिकव."

पंगतीला पानं मांडली गेली. लोक हात धुवायला उठले. आज नाही तर कधीच नाही, हे ओळखून कृष्णकांतने माइक पुन्हा तोंडाशी नेला आणि, पाहुणे केळीच्या पानांकडे निघालेले असताना, कार्तिकेयच्या काळ्या कॉम्प्युटरकडे वळला, जणू परीक्षक त्यात बसले होते.

तर परीक्षक साहेब, चोर हा शब्द मी मागे घेतो. तुम्ही काही चोरलं नाहीत. माझ्याकडे चोरण्यासारखं नव्हतंच. पण तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही बोलला नाहीत. कॉलेजातली सुटाबुटातली पोरं असती तर खांद्यावर हात ठेवून सांगितलं असतंत ना, बाबा, रेडिओ बंद कर, रेकॉर्ड ऐक? आम्ही कारखान्यातली. आम्हाला खरं सांगायचे कष्ट कशाला? वाटी द्या, खूश ठेवा, आवडीच्या गाडीत बसवून द्या. तुमच्या त्या दयेवर मी साठ वर्षांचा होईपर्यंत फुगून बसलो आणि ह्या बाईला छळलं. त्याबद्दल तुमच्यावर खटला भरायला हवा.

आणि तुम्ही तेव्हा खरं बोलला असतात, तर मी त्याच आठवड्यात मिरजेला गेलो असतो. मग ही बाई नाही. ही पोरगी माझ्या मांडीवर नाही.

आता मला सांगा. तुम्ही माझं वाटोळं केलंत की भलं? मी तुम्हाला शिव्या देऊ की तुमचा फोटो देवघरात लावू? बायको विचारतेय, सांबार गार होतंय, आणि मला ठरवता येत नाही. उत्तेजनार्थ काही नको. मऊ बोलू नका. एकदाच, तोंडावर, खरं सांगा.

गप्प का? बोला!